कासदाहावर कोरफड-हळद-चुन्याचा लेप: क्रम, प्रमाण आणि नेहमी होणाऱ्या चुका

गाईची कास एका बाजूने सुजली, धारेत गुठळ्या यायला लागल्या, की हल्ली गोठ्यात आधी मोबाईल बाहेर निघतो. कोरफड पाव किलो, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, वाटा आणि लावा. प्रमाण बरोबरच आहे. आणंदचं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि बंगळुरूचं ट्रान्स-डिसिप्लिनरी विद्यापीठ गोपालकांना हेच सांगतात. तरी चार दिवसांनी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, “ताई, लेप लावला, फरक नाही, सड गेला.” खोदून विचारलं की कळतं, लेप दिवसातून दोनदा लावला होता, तोही फक्त सुजलेल्या सडाला, आतलं दूध न काढता, आणि चुना होता घर रंगवून उरलेला.

लेपाच्या आधी काय करायचं आणि नंतर काय, हे त्या मोबाईलवरच्या चार ओळींत नसतं. ते इथे क्रमाने लिहिते आहे. कासदाह म्हणा, स्तनदाह म्हणा, नाहीतर आमच्याकडच्यासारखं दगडी म्हणा, रीत एकच.

टप्पा १: कासेला हात लावण्याआधी गाय बघा

पहिलं काम थर्मामीटरचं. गोठ्यात तो नसेल तर आजच आणा, मेडिकलमधला साधा चालतो. गुदद्वारात तिरका धरून एक मिनिट ठेवायचा, टोक आतल्या भिंतीला टेकलं पाहिजे, नुसतं शेणात रुतवून चालत नाही. गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. मग बघा, रवंथ चालू आहे का, गव्हाणीत तोंड घालते का, कान गार आहेत का.

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

- ताप १०३ च्या वर, खाणं आणि रवंथ बंद.
- सुजलेला भाग गरम असायच्या ऐवजी थंडगार पडलाय, कातडी निळसर-काळपट दिसते.
- दूध पिवळट पाण्यासारखं येतंय किंवा त्याला कुजका वास आहे.
- गाय बसली ती उठत नाही, विशेषतः व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत.

असा कासदाह काही तासांत गाय नेतो. इथे सलाईन, प्रतिजैविक, सूज उतरवणारं इंजेक्शन लागतं आणि ते ताबडतोब लागतं. आमची एक जर्सी अशीच संध्याकाळी कणकण घेऊन बसली होती. “लेप लावू, सकाळी बघू” म्हणून मी रात्र काढली. गाय वाचली, मागचा उजवा सड कायमचा मुका झाला, म्हणजे त्यातून दूध येणंच बंद झालं. तेव्हापासून लेपाच्या आधी थर्मामीटर.

मग लेप कुठे कामाचा? दोन ठिकाणी. एक, बाहेरून काही दिसत नाही पण दूध घटलंय आणि चाचणीत सड खराब निघतो, असा लपलेला कासदाह. दुसरं, सौम्य उघड कासदाह: थोडी सूज, थोड्या गुठळ्या, पण गाय खाते-पिते आणि ताप नाही. डॉक्टरांचे उपचार चालू असतानाही तो जोडीला लावता येतो, मात्र त्यांना सांगून.

जुनी, महिनोन्‌महिन्यांची कडक गाठ असेल तर लेपाकडून फार अपेक्षा धरू नका. काही जंतू, खास करून स्टॅफिलोकॉकस ऑरियस, कासेच्या आत कोष करून बसतात. तिथे महागडी इंजेक्शनंही हात टेकतात. लेप तर कातडीवरचा.

टप्पा २: चारही सड वेगवेगळे तपासा

“डावीकडचा मागचा बिघडलाय” असं डोळ्यांनी ठरवणं ही पहिली मोठी चूक. एक सड उघड बिघडलेला असतो तेव्हा शेजारचा आतून बिघडत आलेला असू शकतो.

धार काढायच्या आधी प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या कापडाने झाकलेल्या वाटीत पिळा. पांढऱ्या भांड्यात गुठळ्या लपतात, काळ्या कापडावर त्या रव्यासारख्या उठून दिसतात. या धारा जमिनीवर सोडायच्या नाहीत. गोठ्यात रोग पसरवायचा तो सगळ्यात सोपा मार्ग.

गुठळ्या दिसत नसतील तर धुण्याच्या पावडरची चाचणी करा. अर्धा लिटर पाण्यात तीन चहाचे चमचे, म्हणजे अंदाजे १५ ग्रॅम पावडर नीट विरघळवा. चार छोट्या वाट्या घ्या, प्रत्येकीवर सडाचं नाव लिहा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. दूध आणि द्रावण सारख्या प्रमाणात घालून मिनिटभर गोल फिरवा. चांगल्या सडाचं दूध पातळच राहतं. बिघडलेल्याचं शेंबडासारखं घट्ट होतं, तार धरतं. आधी एखाद्या ठणठणीत गाईच्या दुधावर करून बघा म्हणजे नजर बसते. बाजारात याच कामाचं सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) किट मिळतं, ते असेल तर उत्तमच.

*तपासा:* गाय नुकतीच व्यायली असेल (चीक चालू आहे) किंवा आटत आली असेल तर ही चाचणी उगाचच घट्टपणा दाखवते. त्या दिवसांत तिच्यावर विसंबू नका.

निकाल वहीत लिहा. तारीख, गाय, सड, किती घट्ट. पाचव्या दिवशी “बरं वाटतंय बहुतेक” असं म्हणायची वेळ यायला नको.

टप्पा ३: साहित्य जमवा, आणि तीनही जिन्नस पारखून घ्या

एका दिवसासाठी:

- कोरफड २५० ग्रॅम
- हळद ५० ग्रॅम (पूड किंवा कुटलेलं हळकुंड)
- खाण्याचा चुना १५ ग्रॅम
- लिंबं ६ (हे पोटात द्यायला, लेपात घालायचं नाही)

शिवाय स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. “मूठभर, चिमूटभर” हे चुन्याच्या बाबतीत अंगाशी येतं.

कोरफड. बांधावरची घायपात कोरफड समजून आणणारे दरवर्षी भेटतात. घायपातीचा रस कातडीला झोंबतो, खाज सुटते, फोड येतात. कासेवर ते लागलं तर गाय तुम्हाला पुढचे आठ दिवस जवळ येऊ देणार नाही. ओळख सोपी आहे. पान मोडून बघा. कोरफड कट्‌कन मोडते आणि आत काचेसारखा गर दिसतो. घायपात मोडत नाही, धागे ओढले जातात, त्याचेच तर दोर वळतात. घ्यायची ती खालची, जून, जाड पानं. एक मोठं किंवा दोन मध्यम पानांत पाव किलो भरतं. धुवा, दोन्ही कडांचे काटे सुरीने पूर्ण तासा. साल राहिली तरी चालते.

हळद. घरची किंवा ओळखीच्या गिरणीतली. सांगली, हिंगोलीकडे राहणाऱ्यांना हे सांगायला नको. रंग घातलेली स्वस्त पूड नको. भाजीच्या मसाल्यात मीठ-तेल मिसळून ठेवलेली हळदही नको.

चुना. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लागतो तो पानाला लावायचा, विझवलेला चुना. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, हात भाजतो, कासेची कातडी तर त्याहून पातळ. भिंतीच्या चुन्यात नीळ, डिंक आणि आणखी काय काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि वर्षभर उघड्या डबीत पडलेला पानाचा चुनाही उपयोगाचा नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची खडूसारखी भुकटी होते, जोर निघून जातो. नवा आणा, मिळतो दहा-वीस रुपयांत.

टप्पा ४: वाटण, आणि कुंकवाची परीक्षा

कोरफडीचे बारीक तुकडे करून आधी एकट्या मिक्सरमध्ये फिरवा. साल पूर्ण वाटली गेली पाहिजे, नाहीतर तिचे कडक कण वाळल्यावर कासेला टोचतात. मग हळद घालून फिरवा. चुना शेवटी. पाटा-वरवंटा असेल तर तो बरा. मिक्सरचं भांडं यानंतर कायमचं पिवळं होतं. आमच्या सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी गोठ्यासाठी वेगळं भांडं आणायला लावलं.

आता परीक्षा. चुना पडला की पिवळा गोळा बघता बघता लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात तीच ही गोष्ट, हळदीतलं द्रव्य क्षारात लाल होतं. तांबडा-लालसर रंग चढला म्हणजे हळदही खरी आणि चुनाही जिवंत.

*रंग पिवळाच राहिला तर:* वरून आणखी चुना ओतू नका. बहुधा चुना जुना आहे. नवा आणून दुसरं वाटण करा. १५ ग्रॅमच्या वर गेलं की कातडी सोलवटते.

*हात आणि डोळे:* चुना घालताना मिक्सरचं झाकण लगेच उघडून वाकून बघू नका. हाताला चिरा असतील तर हातमोजे घाला.

वाटण रोजचं रोज करायचं. “पाच दिवसांचं एकदम करून फ्रीजमध्ये ठेवते” असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की कापलेली कोरफड एका रात्रीत काय होते ते झाकण काढून हुंगून बघा. सकाळचं वाटण रात्रीपर्यंत झाकून सावलीत ठेवा, त्याचे अंदाजाने दहा भाग करा. एका वेळी एक भाग लागणार आहे.

टप्पा ५: कास रिकामी करा

आत जंतू आणि घाण भरलेलं दूध असताना बाहेरून कितीही लेप लावा, तुंबलेल्या गटारावर रंग दिल्यासारखं आहे ते.

धारेचा क्रम असा: आधी गोठ्यातल्या चांगल्या गाई, त्यातही पहिलारू आधी. आजारी गाय सगळ्यात शेवटी. त्या गाईचेही चांगले सड आधी, बिघडलेला अखेरीस. मशीन असेल तरी हाच क्रम, आणि आजारी गाईनंतर कप गरम पाण्याने आणि जंतुनाशकाने धुतल्याशिवाय परत वापरायचे नाहीत.

पिळताना पूर्ण मुठीने पिळा. अंगठा दुमडून त्याच्या हाडावर सड दाबायची सवय आपल्याकडे बऱ्याच जणांना आहे. त्याने सडाच्या आतल्या अस्तराला मार बसतो. पुढच्या कासदाहाची ती तयारीच.

बिघडलेला सड दोन धारांच्या मध्येही, दुपारी एक-दोनदा, हलक्या हाताने रिकामा करा. गाय लाथ मारत असेल तर जबरदस्ती करू नका. दुखणं तेवढं असेल तर डॉक्टरांकडून वेदनाशामक घ्या, मग पिळा. म्हैस असेल तर पान्हा सोडायला वेळ द्या. पान्हा न सोडता ओढाताण केली तर हाताला येईल ते दूध वरवरचं असतं, घाण आतच राहते.

प्रत्येक वेळी पिळून झालं की सडांची टोकं पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका. धारेनंतर अर्धा-एक तास सडाचं तोंड उघडं असतं. तेवढा वेळ गाय उभी राहिली पाहिजे, शेणात बसली तर संपलं.

टप्पा ६: धुणं, आणि त्याहून महत्त्वाचं पुसणं

कोमट पाण्याने कास धुवा. नळी लावून अख्खी गाय भिजवू नका, अंगावरचं घाण पाणी ओघळून सडाच्या टोकाशीच येतं. मग स्वच्छ सुती फडक्याने कोरडी करा. फडकं त्या गाईचं वेगळं, वापरलं की उकळून उन्हात. एकाच फडक्याने ओळीने सात गाई पुसल्या की एकीचा रोग सातींना वाटला जातो.

*तपासा:* सडाला चीर, जखम किंवा सोललेली कातडी आहे का? असेल तर ती जागा सोडून लेप लावा. उघड्या जखमेवर चुना म्हणजे आग. जखमेचं वेगळं औषध डॉक्टरांना विचारून घ्या.

टप्पा ७: लेप लावणं

वाटणाचा एक भाग घ्या, त्यात १५० ते २०० मिली पाणी घाला. होय, एवढं पातळ. ताकासारखं. बहुतेक लोक इथे थबकतात, पाणी घालायला जीव होत नाही. पण घट्ट थापलेला लेप तासाभरात मातीच्या भिंतीसारखा वाळतो, तडकतो आणि पापुद्रे गळून पडतात. कातडीला लागून राहतो तो पातळ हातच.

लावायचा तो सबंध कासेला. चारही सड, कासेचा वरचा पोटाला चिकटलेला भाग, मागची बाजू, दोन भागांमधली खाच. नुसत्या सडाला लावणं म्हणजे दूध बनतं ती जागा सोडून नळाच्या तोटीवर औषध चोपडणं. हात खालून वर, हलका. चोळायचं नाही.

किती वेळा? दिवसातून दहा वेळा. पाच दिवस.

दहा म्हटल्यावर माणसं हसतात. दिवसात दोनदा लावून “आयुर्वेदाचा गुण येत नाही” म्हणणारी माणसं बहुधा हीच. आमच्याकडे ते असं बसतं:

- पहाटे ५.३० धार, सडं आयोडीनमध्ये, वैरण.
- ६, ७, ८ वाजता लेप.
- ९.३०, ११, १२.३०, २, ३.३० ला लेप. मधे एक-दोनदा बिघडलेला सड पिळून घ्यायचा.
- ५.३० ला कास स्वच्छ धुऊन संध्याकाळची धार, पुन्हा आयोडीन, वैरण.
- ६ आणि ८ ला शेवटचे दोन लेप.

दर वेळी साबणाने धुवायची गरज नाही. आधीचा थर वाळून तडकला असेल तर ओल्या हाताने पुसून काढा आणि नवा लावा. शेतात जाणाऱ्यांनी दुपारचं काम घरातल्या एखाद्यावर नेमून द्यावं. शाळेची सुट्टी असेल तर पोरं हे काम आवडीने करतात, फक्त त्यांना गाईच्या मागे उभं राहू देऊ नका.

*सावध:* धारेच्या आधी लेप पूर्ण धुतला गेला पाहिजे. सडावर राहिलेला लेप बोटांनी खाली ओघळतो, चांगल्या सडांचं दूधही पिवळं होतं आणि चुना दुधात जातो. वासरू वेगळं बांधा. ते लेप चाटतं, शिवाय बिघडलेल्या सडाला लुचतं.

कासेचा रंग आठ-पंधरा दिवस जात नाही. त्याची काळजी नको.

टप्पा ८: पोटातून लिंबं, आणि रक्त असेल तर कढीपत्ता

लेपाबरोबरचा हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. एका वेळी दोन लिंबं, दिवसातून तीनदा, तीन दिवस. एकूण अठरा. उन्हाळ्यात भाव ऐकून पोटात गोळा येतो हे मान्य, तरी द्या.

लिंबू अर्धं कापून द्यायचं. अख्खं कधीही नाही, घशात अडकलं तर कासदाह राहिला बाजूला. पहिल्यांदा गाय तोंड वाकडं करते. गूळ चोळून द्या, दुसऱ्या दिवसापासून स्वतःहून मान पुढे करते. जबडा जबरदस्तीने उघडून, मान वर करून कोंबू नका. आणि रस काढून नळीने पाजू नका, तो श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया.

दुधात लालसर छटा असेल तर दोन मुठी कढीपत्ता गुळाबरोबर वाटून दिवसातून दोनदा, रक्त थांबेपर्यंत. रक्त दोन दिवसांत कमी झालं नाही, किंवा कासेला शिंग-लाथ लागल्याचं आठवत असेल, तर डॉक्टर.

टप्पा ९: रोज बघा, तिसऱ्या दिवशी ठरवा

दररोज सकाळी चार गोष्टी वहीत: ताप, सूज (हाताने कालच्याशी ताडून), काळ्या कापडावरच्या गुठळ्या, त्या सडाचं दूध.

दुसऱ्या दिवशी सूज थोडी नरम पडायला लागते. तिसऱ्या दिवशी सकाळी नीट हिशेब करा. सूज उतरतेय, गुठळ्या कमी, गाय खुशीत? चालू ठेवा, पाच दिवस पूर्ण करा. जसंच्या तसं आहे? डॉक्टरांना बोलवा आणि दुधाचा नमुना जंतू-तपासणीला द्यायचं विचारा. नमुना प्रतिजैविक द्यायच्या आधी घेतला तरच उपयोग. वाढलंय? मग तिसऱ्या दिवसाची वाटही बघायला नको होती. पहिल्या टप्प्यातलं एकही लक्षण मधेच दिसलं की लेप तिथेच थांबवा.

बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी लेप सोडणं ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक. सूज जाते, जंतू राहतात, आणि पंधरवड्यात तोच सड पुन्हा.

डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडली असेल किंवा इंजेक्शनांचा कोर्स दिला असेल तर लेप गुण देतोय म्हणून तो अर्ध्यावर तोडू नका. उलटही खरं: कोर्स चालू आहे म्हणून सड रिकामे करणं, आयोडीन, कोरडं फडकं यांत सूट नाही.

दुधाचं काय करायचं

बिघडलेल्या सडाचं दूध माणसांना नको, वासराला नको, कुत्र्या-मांजरांनाही नको. गोठ्यापासून लांब खड्ड्यात ओतून वर चुना टाका. इथे मात्र भिंतीचा चालतो. प्रतिजैविक दिलं असेल तर चारही सडांचं दूध, बाटलीवर किंवा ट्यूबवर लिहिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत, डेअरीला घालायचं नाही. एका गाईचं असं दूध संकलनाच्या टाकीत गेलं तर सगळ्या गावाचं दूध परत येऊ शकतं, शिवाय ते औषध पिणाऱ्याच्या पोटात जातं. नुसता लेप आणि लिंबं चालू असतील तर औषधाच्या अंशाचा हा प्रश्न उरत नाही. चांगल्या सडांचं दूध, चाचणीत पातळ राहिलेलं आणि कास धुऊन काढलेलं, वापरता येतं.

घरोघरी चालणाऱ्या काही गोष्टी, ज्या करू नका

सडात काडी घालणं. कडुलिंबाच्या पानाचा देठ हळद-लोण्यात बुडवून सडात सरकवायची रीत आहे, ती सडाची वाट बुजण्यासाठी आहे, कासदाहासाठी नव्हे. तीही सराईत हाताने आणि जाणकाराच्या देखरेखीखाली. आपण हौसेने घातलेली काडी बाहेरचे जंतू थेट आत पोचवते. सायकलच्या तारा आणि कोंबडीची पिसं घालणारेही पाहिलेत, त्याबद्दल काय बोलायचं.

गरम विटेचा शेक. सुजलेल्या कासेची कातडी ताणलेली असते, भाजलेलं लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी फोड दिसतात.

लेपात स्वतःची भर. कुणी तंबाखू मिसळतं, कुणी रॉकेलचे थेंब, कुणी कापूर. एकाने लाल तिखट घातलं होतं, “उष्णता ओढून घेतं” म्हणून. गाईने त्याला ओढून घेतला.

दूध कमी व्हावं म्हणून पाणी तोडणं. पाणी कधीच तोडू नका. पेंड थोडी कमी केली तर चालतं.

पाच दिवसांनंतर

सहाव्या दिवशी पावडरची चाचणी पुन्हा करा, पण ती घट्ट आली म्हणून लगेच धीर सोडू नका. चाचणीत दूध घट्ट होतं ते कासदाहात दुधात वाढलेल्या पेशींमुळे, आणि जंतू गेल्यावरही त्या कमी व्हायला वेळ लागतो. दिसायला दूध साफ आणि कास मऊ असेल तर दोन-तीन आठवड्यांनी परत तपासा. तेव्हाही तार धरत असेल तर तो सड आतून बरा झालेला नाही. त्या गाईची धार कायम शेवटी, आणि आटवताना सडात सोडायच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. भाकड काळात जुना कासदाह धरायची संधी दुभत्या दिवसांपेक्षा चांगली असते.

त्याच आठवड्यात बाकीच्या सगळ्या गाईंची चाचणी घ्या. उघड कासदाहाची एक सापडली की लपलेल्या एक-दोन बहुधा निघतातच. त्यांना आत्ताच लेप सुरू केला तर तो त्यांच्यावर जास्त लागू पडतो. गोठ्यातली ओली जागा, खड्डे, फुटलेली फरशी, रात्री गाय बसते तिथलं शेण, हे सगळं एकदा गाईच्या उंचीवर वाकून बघा. आमच्याकडे मुका झालेल्या सडाची गाय जिथे बसायची तिथे पाण्याच्या हौदाची गळती होती, आणि ती गळती मला त्या आधी दोन वर्षं रोज दिसत होती.